सीटबेल्ट आणि ‘एआय’ कॅमेरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाल्यापासून पट्टा न लावल्याची ई-चलाने थेट मोबाइलवर येऊ लागली आणि त्यासोबत प्रश्नही आले. काही प्रश्न कायद्याचे आहेत, काही तंत्राचे, आणि बरेचसे “मी पट्टा लावला होता, तरी दंड कसा?” या एकाच तक्रारीभोवती फिरणारे आहेत. वारंवार कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘एआय कॅमेरा’ आणि चौकातला साधा सीसीटीव्ही यांत फरक काय?

साधा सीसीटीव्ही चित्रण करून ठेवतो. त्यात नियमभंग शोधायचा तर पडद्यासमोर माणूस बसवावा लागतो. एआय कॅमेऱ्यात हे शोधण्याचे पहिले काम संगणकाची आज्ञावली करते. पट्टा लावलेल्या आणि न लावलेल्या माणसांची असंख्य छायाचित्रे दाखवून ती आधी शिकवून घेतलेली असते. गाडी समोर आली की ती पुढची काच ओळखते, काचेआड माणूस आहे की नाही ते पाहते आणि त्याच्या छातीवरून तिरका जाणारा पट्टा आहे का, याचा अंदाज बांधते. हा अंदाज ‘हो’ किंवा ‘नाही’ असा ठाम नसतो, तो शक्यतेच्या आकड्यात असतो. विशिष्ट मर्यादेपलीकडे संशय गेला की ते छायाचित्र बाजूला काढले जाते. गाडीचा क्रमांक वाचण्याचे काम नंबरप्लेट वाचणारी वेगळी यंत्रणा करते.

थोडक्यात, यंत्र संशयित निवडते. चलान मात्र कायद्याने ज्याला अधिकार दिला आहे त्याच्याच अधिकारात निघते, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांचा गाभा या भेदातच आहे.

ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या गाडीच्या काचेआडचा पट्टा दिसतो तरी कसा?

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे सरकते. छायाचित्र टिपायला सेकंदाचा हजारावा भाग लागला, तरी तेवढ्यात ती जवळजवळ तीन सेंटिमीटर सरकलेली असते, म्हणजे पट्ट्याच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक. म्हणून कॅमेऱ्याचे झापड त्याहूनही कमी वेळ उघडले जाते. इतक्या थोड्या वेळात पुरेसा उजेड मिळावा यासाठी अवरक्त प्रकाशाचा झोत टाकला जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे चालकाचे डोळे दिपत नाहीत.

दुसरी अडचण काचेवरच्या चकाकीची. दुपारी समोरच्या गाडीच्या काचेत आपल्याला आभाळच दिसते. ही चकाकी छाटण्यासाठी भिंगापुढे ध्रुवीकरण करणारी गाळणी बसवता येते. शिवाय कॅमेरा रस्त्यावरच्या लोखंडी कमानीवर, म्हणजे गँट्रीवर, उंच बसवून खाली रोखला की मांडी, कंबर आणि छाती एकाच चौकटीत येतात. हा कोन फायद्याचा असला तरी मागच्या सीटच्या बाबतीत तोच आड येतो, ते पुढे पाहू.

महाराष्ट्रात ही यंत्रणा कुठे आहे?

सर्वांत ठळक उदाहरण यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गाचे, म्हणजेच मुंबई–पुणे एक्स्प्रेस वेचे. सुमारे ९४ किलोमीटरच्या या मार्गावर महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची ‘आयटीएमएस’ (इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम) ही वाहतूक नियंत्रणाची यंत्रणा जुलै २०२४ पासून कार्यान्वित झाली. पट्टा न लावणे, वेगमर्यादा ओलांडणे, मार्गिकेची शिस्त मोडणे, गाडी चालवताना मोबाइल वापरणे असे सतरा प्रकारचे नियमभंग टिपण्यासाठी ती उभारली आहे. या मार्गाने नेहमी जाणाऱ्यांना डोक्यावरच्या गँट्री आता पाठ झाल्या आहेत. कॅमेरा जवळ आला की ब्रेक दाबायचा आणि तो मागे पडला की पुन्हा पाय रेटायचा, हा खेळ वेगाच्या बाबतीत काही जण खेळतात. पट्ट्याच्या बाबतीत तो खेळायला हात मोकळे राहत नाहीत, हे एक बरे.

यंत्राने पकडून दंड करण्याला कायद्याचा आधार आहे का?

आहे, आणि तो तीन थरांत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि तीत कलम १९४-ब आले. पट्टा न लावता गाडी चालवणारा, तसेच पट्टा न लावलेल्या प्रवाशांना घेऊन जाणारा चालक, असे दोघेही त्या कलमाखाली येतात. पट्टा नेमका कोणी लावायचा, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८(३) सांगतो : चालकाने, पुढच्या सीटवरील व्यक्तीने आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटांवरील व्यक्तींनी.

कॅमेऱ्याचा विषय कलम १३६-अ मध्ये आला. त्यानुसार ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ अधिसूचित झाला. इलेक्ट्रॉनिक साधनांनी टिपून ज्या नियमभंगांचे चलान काढता येते त्यांची यादीच त्यात आहे आणि पट्टा न लावणे तीत समाविष्ट आहे.

हा नियम सर्वांनी एकदा तरी वाचावा, कारण त्यात यंत्रणेवरही बंधने घातली आहेत. साधन अचूक चालते असे मान्यता प्रमाणपत्र असले पाहिजे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण झाले पाहिजे. कॅमेऱ्याच्या टापूआधी तशी सूचना देणारा फलक ठळकपणे लावलेला असला पाहिजे. नियमभंगाची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवली गेली पाहिजे. चलानासोबत छायाचित्राचा पुरावा, तारीख, वेळ, ठिकाण, कोणते कलम मोडले त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असले पाहिजे. त्या चलानाचा निकाल लागेपर्यंत चित्रण जपून ठेवण्याची जबाबदारीही यंत्रणेवरच आहे.

दंड किती? आणि शेजारच्याने पट्टा लावला नाही तर तो कोणी भरायचा?

कलम १९४-ब मध्ये १,००० रुपये दंड सांगितला आहे. मात्र न्यायालयाबाहेर जागच्या जागी मिटवण्यासाठी आकारायची तडजोड रक्कम कलम २०० अन्वये राज्य सरकार ठरवते. त्यामुळे एका राज्यातल्या मित्राने सांगितलेला आकडा दुसऱ्या राज्यात लागू पडेलच असे नाही. केरळमध्ये हीच रक्कम ५०० रुपये आहे. आपल्या चलानावर जो आकडा छापला आहे तोच प्रमाण मानावा.

शेजाऱ्याचे म्हणाल, तर कायद्याची भाषा पट्टा न लावलेल्या प्रवाशांना ‘घेऊन जाणारा’ अशी आहे. म्हणजे जबाबदारी चालकाची. कॅमेऱ्याला मात्र चालकाचे नाव ठाऊक नसते, त्याला क्रमांक दिसतो. म्हणून सूचना जाते ती नोंदणीकृत मालकाकडे. गाडी त्या वेळी कोण चालवत होते, हे विचारले असता सांगण्याचे बंधन कलम १३३ ने मालकावर घातले आहे. काकांची गाडी घेऊन लग्नाला गेलेल्या पुतण्यामुळे घरोघरी जे वाद होतात त्यांचे मूळ हे आहे.

काळा शर्ट, ओढणी, साडीचा पदर यांमुळे यंत्राची चूक होते का?

होऊ शकते, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

काळ्या शर्टावर काळा पट्टा असेल तर यंत्राला ज्या कडा शोधायच्या असतात त्या पुसट होतात. अवरक्त प्रकाशात कापडाचे रंग आपल्याला दिसतात तसे दिसतही नाहीत. डोळ्यांना गडद वाटणारे कापड त्यात फिकट उमटू शकते आणि पट्टा व शर्ट यांतला फरक वाढू शकतो किंवा नाहीसाही होऊ शकतो. तिरकी अडकवलेली पर्स, खाली ओढलेला सन व्हायझर, डॅशबोर्डवरची मूर्ती, काचेवर पडलेले झाडाचे प्रतिबिंब, पावसाचे ओघळ या साऱ्यांनी तोच गोंधळ होतो.

साडीचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, त्यामुळे त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरतो. शेजारच्या सीटवर याच्या बरोबर उलट : पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येतो. आता नेहमीच्या पद्धतीने नेसलेल्या साडीचा पदर पाहा. तो उजव्या कमरेकडून निघून छातीवरून डाव्या खांद्यावर जातो, म्हणजे पुढच्या डाव्या सीटवर बसलेल्या बाईच्या अंगावर पदर आणि पट्टा यांची तिरकी रेघ एकच असते. काठ रुंद आणि उठावदार असला तर पट्टा नसतानाही तो असल्याचा भास होऊ शकतो. उलट पट्टा लावून वरून पदर सारखा केला की लावलेला पट्टा झाकला जातो. गाडी चालवणाऱ्या बाईचा पदर आणि पट्टा एकमेकांना छेद देतात, त्यामुळे तिथे घोटाळा कमी होतो. गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर असेल तर गणित पुन्हा फिरते. परदेशातल्या कोट-टीशर्टवर शिकलेली आज्ञावली हे आपोआप ओळखेल, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. तिला आपल्याकडच्या पेहरावाची छायाचित्रे दाखवूनच शिकवावे लागते.

आमच्या घरी असाच प्रकार घडला. कोणत्या रस्त्यावर, ते राहू द्या. चलानातले छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा वहिनींच्या काळपट चंद्रकळेच्या पदराखालून, गळ्यापाशी, बोटभर पट्टा बाहेर डोकावत होता. यंत्राला तो दिसला नाही हे समजण्याजोगे होते. त्या छायाचित्रावर ज्याची नजर फिरायला हवी होती त्यालाही तो दिसला नाही, हे मात्र खटकले. हरकत घेतल्यावर चलान मागे घेतले गेले.

पण यंत्र ९९ टक्के अचूक असेल, तर माणसाने पुन्हा तपासण्याची गरज काय?

थोडे अंकगणित करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा एका गँट्रीखालून एक लाख गाड्या गेल्या आणि त्यांपैकी ९०,००० चालकांनी पट्टा लावला होता. यंत्र पट्टा लावलेल्यांपैकी शंभरात एकाला चुकून संशयित ठरवते. म्हणजे ९०० निर्दोष लोक यादीत आले. उरलेले १०,००० खरोखर दोषी होते आणि ते सगळे पकडले गेले असे धरू. यादीतल्या १०,९०० नावांत ९०० चुकीची, म्हणजे साधारण बारातले एक.

आता लोकांना शिस्त लागली आणि लाखातले ९९,००० पट्टा लावू लागले. यंत्र तेच, चूक तीच शंभरात एक. निर्दोषांपैकी ९९० जण यादीत येतात आणि खरे दोषी फक्त १,०००. यादीतले जवळजवळ निम्मे नाहक अडकलेले. लोक जितके अधिक नियम पाळतात, तितका त्याच यंत्राच्या यादीत चुकांचा वाटा वाढत जातो. म्हणून यंत्रणा जुनी झाली आणि लोक वळणावर आले की माणसाची तपासणी कमी करता येईल, हा हिशेब उलटा आहे. उलट तेव्हाच ती अधिक काटेकोर हवी.

मागच्या सीटवर बसलेल्यांचे काय? तिथे कॅमेरा पोहोचतो का?

फारच कमी. उंचावरून पुढच्या काचेत पाहताना छप्पर आणि पुढच्या सीटांच्या पाठी आड येतात. मागच्यांचे फार तर गुडघे किंवा दोन सीटांच्या फटीतून मध्ये बसलेला माणूस दिसतो. त्यामुळे मागच्या पट्ट्याची अंमलबजावणी आजही मुख्यतः टोलनाक्यावर किंवा चौकात उभ्या असलेल्या पोलिसाच्या नजरेवर अवलंबून आहे.

ही त्रुटी महाग पडणारी आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवरील पट्ट्याची चर्चा महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली, आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी चारचाकीतल्या सर्वांना पट्टा बंधनकारक असल्याचे बजावले. नियम त्याआधीही होताच, पण मागे बसणे म्हणजे आराम करणे हा आपला समज कायद्यापेक्षा जुना आहे. मागचा माणूस पट्ट्याविना असला तर धडकेच्या क्षणी तो गाडीच्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतो आणि पट्टा लावून बसलेल्या पुढच्या माणसालाही सोबत नेऊ शकतो. कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून मागे पट्टा नको, असे म्हणणाऱ्याने आधी आपल्या पुढे कोण बसले आहे ते पाहावे.

लहान मुलाला मांडीवर घेतले तर चालते का?

नाही. कलम १९४-ब(२) नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर चालकाला १,००० रुपये दंड आहे. आई आणि बाळ दोघांभोवती एकच पट्टा ओढून घेणे हा सर्वांत घातक प्रकार. धडकेत आईच्या अंगाचा भार बाळावर येतो. पुढच्या सीटवर मांडीवर बसवलेले मूल कॅमेऱ्याला सहज दिसते.

गरोदर स्त्रियांना सूट आहे का?

नियम १३८(३) मध्ये तशी सूट नाही, आणि वैद्यकीय सल्लाही पट्टा लावण्याचाच आहे. कमरेचा भाग पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या बाजूने घ्यावा आणि तिरका भाग दोन स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने न्यावा. पोटावरून आडवा पट्टा घेऊ नये.

पट्टा पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवला, किंवा नुसती क्लिप लावली, तर?

गाडी फसते, कॅमेरा फसत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाच्या आणि शेजारच्या सीटसाठी पट्ट्याची आठवण देणारी सूचना बंधनकारक झाली. ती बीप बंद करण्यासाठी खटक्यात अडकवायच्या धातूच्या क्लिपा बाजारात आल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा क्लिपांच्या १३,११८ नोंदी त्यांच्या संकेतस्थळांवरून हटवल्या गेल्या. तरीही गाडीच्या सामानाच्या दुकानात काउंटरखालून ती क्लिप काढून देणारे भेटतातच. कॅमेरा खटका पाहत नाही, छाती पाहतो; त्यामुळे क्लिप लावून वाचतो फक्त बीपचा आवाज. पट्टा काखेखालून घेतला तरी खांद्यावरची रेघ नाहीशी होते आणि यंत्र संशय घेऊ शकते.

काचेला काळी फिल्म लावली तर कॅमेऱ्यापासून सुटका होते का?

सुटका होण्याऐवजी दुसरे चलान निघण्याची शक्यता अधिक. नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि काळ्या फिल्मला मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल सर्वश्रुत आहे. बाजूची काच काळी करून पुढून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला तसाही काही फरक पडत नाही.

चलान आले आहे. आता नेमके काय पाहायचे आणि हरकत कशी घ्यायची?

आधी छायाचित्र उघडा, पैसे नंतर. राज्याच्या वाहतूक ई-चलान पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक घालून चलान पाहता येते. छायाचित्र मोबाइलच्या छोट्या पडद्यावर न पाहता संगणकावर मोठे करून पाहावे.

पहिले पाहायचे ते क्रमांकाचे. यंत्राने वाचलेला क्रमांक आणि छायाचित्रातली पाटी जुळते का? ‘बी’ आणि ‘आठ’, ‘ओ’ आणि ‘शून्य’ यांची गफलत होऊ शकते, चिखल उडालेल्या पाटीवर तर अधिकच. दुसऱ्याच कोणी आपला क्रमांक लावून गाडी फिरवत असेल तर गाडीचा रंग आणि मॉडेल वेगळे दिसेल. तसे असेल तर प्रकरण चलानापुरते न ठेवता पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. दुसरे, त्या वेळी गाडी तिथे होती का? फास्टॅगच्या नोंदी इथे उपयोगी पडतात. तिसरे, खांद्यापासून कमरेपर्यंतची रेघ शोधा. खांद्यापाशी, जिथे पट्टा दाराच्या खांबाकडे जातो तिथे, तो बहुधा कापडाच्या बाहेर दिसतो, कारण मधल्या भागावर कपडे आणि हात येतात पण हा तुकडा मोकळा असतो. तो दिसला तर त्या भागाचे मोठे केलेले चित्र हरकतीला जोडा. चौथे, घटनेची तारीख आणि सूचना मिळाल्याची तारीख यांत किती दिवसांचे अंतर आहे ते मोजा.

हरकत पोर्टलवरील तक्रारीच्या सोयीतून नोंदवता येते. भाषा मुद्द्याची असावी : चलान क्रमांक, तारीख, छायाचित्रात काय दिसते आणि काय मागणी आहे. “तुमची यंत्रणा भंगार आहे” या वाक्याने काम पुढे सरकत नाही. तिथे दाद लागली नाही तर न्यायालयात म्हणणे मांडण्याचा हक्क राहतोच. राष्ट्रीय लोकअदालतीत थकीत चलाने तडजोडीने मिटवण्याची संधी वेळोवेळी मिळते; पण लोकअदालत तडजोडीसाठी आहे. आपण पूर्ण निर्दोष असू तर तडजोड का करायची, याचा विचार तिथे जाण्यापूर्वी करावा. आणि पैसे एकदा भरले की हरकतीचा पाया ढासळतो, हे विसरू नये.

गाडी केव्हाच विकली, तरी चलान मलाच येते. का?

कारण नोंदवहीत मालक अजून तुम्हीच आहात. एजंटाने “नावावर करून घेतो” असे सांगितले आणि गाडी तीन हातांतून गेली, ही कहाणी फार सामान्य आहे. कलम ५० नुसार हस्तांतराची माहिती नोंदणी प्राधिकरणाला मुदतीत कळवायची असते. त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यासाठी ही मुदत १४ दिवसांची आहे. विक्रीचा करार आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती जपून ठेवावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाची लिंक आली आहे. उघडू का?

उघडू नका. चलानाच्या नावाने ‘एपीके’ फाइल पाठवून मोबाइलचा ताबा घेणारे आणि खाते रिकामे करणारे भामटे महाराष्ट्रात अनेकांना गंडवून गेले आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो. संदेशातली लिंक न दाबता तो पत्ता स्वतः टाकून गाडीचा क्रमांक तपासावा.

माझे आणि कुटुंबाचे फोटो कोण पाहते? ते किती काळ ठेवले जातात?

पट्टा दिसावा म्हणून कॅमेरा गाडीच्या आत डोकावतो. कोण कोणासोबत, किती वाजता, कुठे गेले हे त्यात ओघाने येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्याचा अर्थ असे कॅमेरे लावूच नयेत असा होत नाही; पण हेतूपुरतेच टिपावे आणि हेतू संपला की पुसावे, एवढी अपेक्षा त्यातून नक्की निघते.

नियम १६७-अ चलान झालेले चित्रण निकालापर्यंत ठेवायला सांगतो. ज्यांनी काहीच गुन्हा केला नाही अशा लाखो गाड्यांच्या छायाचित्रांचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने त्याचे उत्तर जाहीर करून टाकले आहे : यंत्राला संशय आला नाही ती छायाचित्रे साधारणपणे तासाभरात कायमची पुसली जातात. असा एक साधा, आकड्यात सांगितलेला नियम आपल्याकडेही प्रत्येक गँट्रीच्या फलकावर लिहिता येईल. त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही.

इतर ठिकाणी काय अनुभव आला?

केरळने ‘सेफ केरळ’ प्रकल्पात ७२६ कॅमेरे बसवले. त्यांतले ६७५ पट्टा, हेल्मेट आणि मोबाइल यांसाठी होते. दंड आकारणी ५ जून २०२३ पासून सुरू झाली. कंत्राटावरून राजकीय वादळ उठले आणि विरोधी पक्षाचे नेते उच्च न्यायालयात गेले. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने खरी बातमी वेगळी होती : दुचाकीवर आईवडिलांच्या मध्ये बसलेल्या मुलाचे काय करायचे? यंत्राला तिघे दिसत होते. कुटुंबाकडे चारचाकीला पैसे नाहीत, हे त्याला दिसत नव्हते. शेवटी बारा वर्षांखालील मुलासाठी दंड न करण्याची भूमिका सरकारने घेतली. पुढे १ नोव्हेंबर २०२३ पासून तिथे सरकारी बससह अवजड वाहनांच्या चालकांनाही पट्टा सक्तीचा झाला. आपल्या लालपरीच्या चालकाकडे पाहताना ही गोष्ट आठवते.

पट्टा सक्तीचा करणारा जगातला पहिला कायदा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९७० साली झाला. पट्टा टिपणारे कॅमेरेही त्या देशात लवकर आले : क्वीन्सलँडमध्ये नोव्हेंबर २०२१ पासून, व्हिक्टोरियात २०२३ मध्ये, न्यू साउथ वेल्समध्ये १ जुलै २०२४ पासून. तिथे रकमेपेक्षा परवान्यावर चढणाऱ्या गुणांची धास्ती मोठी असते. ठरावीक गुण साठले की परवाना जातो. सिडनी-मेलबर्नला मुलांकडे गेलेले आपले आजी-आजोबा गाडीत बसल्या-बसल्या मुलाकडून “बाबा, पट्टा” असे दोनदा ऐकतात, त्यामागे हे कारण असते.

या सगळ्याने जीव वाचतात का, की फक्त तिजोरी भरते?

पट्ट्याने जीव वाचतात, याबद्दल शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पट्ट्यामुळे वाहनातील व्यक्तीच्या मृत्यूचा धोका निम्म्यापर्यंत कमी होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ लोक रस्ते अपघातांत मरण पावले. पट्टा न लावलेले त्यांत १६,७१५ होते, ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. चालक आणि प्रवासी जवळजवळ सारखे आहेत, हे लक्षात घ्या. कॅमेऱ्याची नजर मात्र त्यांतल्या पुढच्या दोघांवरच आहे.

कॅमेऱ्याचा परिणाम मोजायचा तर किती चलाने निघाली आणि किती कोटी जमले हे आकडे कामाचे नाहीत. शंभर गाड्यांत किती जण पट्टा लावून जातात, पुढे किती आणि मागे किती, हे कॅमेऱ्याआधी आणि नंतर मोजून जाहीर केले पाहिजे. यंत्रणेकडे ही मोजणी आयतीच असते, कारण ती प्रत्येक गाडी पाहते. सोबत आणखी दोन आकडे द्यावेत : यंत्राने संशयित ठरवलेल्यांपैकी माणसाने किती बाद केले, आणि हरकतीनंतर किती चलाने मागे घेतली गेली. वसुलीचा आकडा पत्रकार परिषदेत सांगता येतो, तसे हे दोन आकडेही सांगता येतील.

कॅमेरे आल्यावर रस्त्यावर पोलिसाची गरज उरते का?

उरते. कॅमेऱ्यापुढे ओळखीचा फोन चालत नाही, चहापाण्याचा विषय निघत नाही आणि गाडी आमदाराची की टेंपोवाल्याची हे तो पाहत नाही. हा त्याचा मोठा गुण. पण त्याचे चलान गाडी घरी पोहोचल्यावर येते. पट्टा न लावता घाट चढणाऱ्याला खालापूरच्या नाक्यावर थांबवून, मागे झोपलेल्या मुलांना उठवून, त्यांच्या सीटच्या फटीत अडकलेला खटका बाहेर काढायला लावणारा हवालदार त्याच प्रवासात पट्टा लावायला लावतो. बऱ्याच गाड्यांत मागचा खटका सीट कव्हरखाली दडपलेला असतो. गाडी नवी घेतली की आपण पहिले काम कव्हर घालण्याचे करतो, आणि त्याला खटक्यासाठी भोक ठेवायला दुकानदाराला सांगायचे राहून जाते.